बाजूनं तीन, विरोधात एक

बारकीनं गोळ्या घ्यायच्या की नाहीत, यावर रविवारी सकाळी घरात मतदान झालं, आणि त्यात बारकीला मत नव्हतं.

हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. घराचा नियमच तसा होता. ज्याचा विषय, त्याला मत नाही. बाबा तरुणपणापासून हौशी व्हॉलीबॉलचे पंच. जाळीशेजारच्या उंच खुर्चीत बसून त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे चेंडू आत पडले की बाहेर हे ठरवलं, आणि ज्यानं चेंडू मारला त्याला कधी विचारायचं नसतं, एवढं एक तत्त्व ते खुर्चीवरून उतरताना घरी घेऊन आले. सोफ्याचा रंग मतदानानं ठरला. कुत्रा पाळायचा नाही हे मतदानानं ठरलं, अर्थात कुत्र्याला मत नव्हतं. दादाचं लग्नसुद्धा मतदानानंच ठरलं. दादाला मत नव्हतं. बाजूनं दोन, विरोधात एक, आणि ते एक आईचं. वहिनीला हे लग्न होऊन आठवडा व्हायच्या आत कळलं. तेव्हापासून कुठलाही विषय निघाला की वहिनी आधी आईचा हात कुठे आहे ते बघते आणि मग आपला त्याच्या उलट करते.

"डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बारकीनं सुरू कराव्यात," बाबांनी विषय मांडला. "चर्चा?"

"मला करायचीये चर्चा," बारकी म्हणाली.

बारकी या नावावर कुणी जाऊ नये. ती तिशीला टेकलेली होती आणि घरात सगळ्यांत उंच होती.

"तुझे यात हितसंबंध आहेत," बाबा म्हणाले.

"डोकं माझं आहे, बाबा."

"तेच म्हणतोय मी."

आई म्हणाली, "गोळ्या सुरू केल्या म्हणजे आजार आहे असं आपणच कबूल केल्यासारखं होतं. नाही घेतल्या तर नुसती शंका राहते. शंका काय, कुणावरही घेता येते." आणि तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले. तिचं वाक्य संपायच्या आत वहिनीचा हात वर होता. दादा म्हणाला, "मला बाथरूमला दार हवंय," आणि त्यानंही हात वर केला. बाबांनी शेवटी आपला केला, पार खांद्यातून सरळ, तळवा उघडा, गुण द्यावा तसा.

"बाजूनं तीन, विरोधात एक. मंजूर."

दादाच्या दाराचं आधी सांगायला हवं.

बारकी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर जबड्यांचे ठसे पाठवतात, त्यात प्लास्टर ओतलं की साचा निघतो, साच्यावर मेणाच्या हिरड्या चढतात आणि हिरड्यांत एकेक दात बसतो. काम केसाएवढ्या अंतराचं. दात जरा पुढे गेला की माणूस सशासारखा दिसतो, जरा मागे गेला की बोलताना शिट्टी वाजते. बारकी हे काम उत्तम करायची. मग मध्यंतरी एक आठवडा असा आला की तिला झोपेची गरजच उरली नाही. डोकं घासूनपुसून लख्ख केल्यासारखं झालं होतं, आणि त्या लख्ख डोक्याला दिसलं की जगातल्या सगळ्या कवळ्या खोट्या वाटतात, कारण त्यांत कुठे चूक नसते. म्हणून त्या आठवड्यात तिनं प्रत्येक कवळीच्या पुढच्या दोन दातांमध्ये एक नाजूक फट ठेवली. कवळ्या अप्रतिम झाल्या होत्या. फक्त त्या घालून एकमेकांना न ओळखणारी कितीतरी म्हातारी माणसं सख्ख्या भावंडांसारखी हसायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी मालकाला फोनवर धारेवर धरलं, आणि मालकानं बारकीला.

त्याच आठवड्यात तिनं घरातली सगळी आतली दारं काढली. दार म्हणजे संशय, असं तिचं म्हणणं होतं. दारं गॅलरीत नीट उभी करून ठेवलेली होती आणि स्क्रू एका बरणीत होते, त्यामुळे ही तोडफोड आहे असंही म्हणता येईना. दादा त्यानंतर बरेच दिवस ऑफिस गाठेपर्यंत थांबायचा.

मग बाबा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाबाच बोलले. डॉक्टरांनी बाबांकडे बघून सांगितलं की बायपोलर म्हणतात तसला आजार असावा अशी शंका आहे. यात माणूस कधी फार वर जातो, कधी फार खाली. "खाली कधी गेली होती का?" त्यांनी बाबांना विचारलं.

"छे छे. खाली कधीच नाही. जरा आळशी आहे, एवढंच."

बारकीनं दातओठ खाल्ले. तिनं एकच प्रश्न विचारला, गोळीनं काय काय होतं. डॉक्टर म्हणाले, हाताला थोडा कंप येऊ शकतो, पण बहुतेकांचं त्यानं काही अडत नाही.

"बहुतेक लोक दात बसवत नाहीत," बारकी म्हणाली. पण तोवर डॉक्टर लिहायला लागले होते.

तेव्हापासून ती चिडलेली होती, आणि पंचाईत अशी की चिडणं तिला परवडत नव्हतं. तिचा आवाज जरा चढला की घरात एक नजर फिरायची. नजर आईकडून निघायची, दादाकडे जायची, वहिनीला शिवून बाबांपर्यंत पोचायची, आणि बाबा डोळे मिटून ती पोचल्याची पावती द्यायचे. दूध उतू गेलं म्हणून बारकी ओरडली, नजर फिरली. दूध आईनंच उतू घालवलं होतं. एकदा बारकीनं हळू आवाजात चिडून बघितलं. आई वहिनीच्या कानात म्हणाली, "फारच शांत बोलतेय गं. लक्षण ठीक नाही."

राग आला तर आजार. गिळला तर लपवतेय. मला काही झालेलं नाही म्हटलं तर, झालेली माणसं असंच म्हणतात. झालंय म्हटलं तर, बघा, आता तीच म्हणतेय.

सोमवारी ती कामावर पोचली तेव्हा मालक वाटच बघत होता. आईनं त्याला फोन करून सगळं सांगितलं होतं, कुणाला सांगू नका असं बजावून.

"घेऊ नकोस गोळ्या," मालक म्हणाला. "कलाकार माणूस आहेस तू. गोळ्यांनी कला मरते."

"तुम्ही मला गाढव म्हणाला होतात. दातांच्या डॉक्टरांशी फोन चालू असताना. स्पीकरवर."

"ते तेव्हा. आता फटीला मागणी आलीये. एक रिटायर मुख्याध्यापिका कवळी परत द्यायलाच तयार नाही. तिच्या तीन मैत्रिणींना तश्शीच हवीये." त्यानं खुर्ची जवळ ओढली. "आणि हे बघ, त्या आठवड्यात तू एकटीनं केलेलं काम चार माणसांना झालं नसतं. तसा एखादा आठवडा परत आला, म्हणजे मुद्दाम आण असं नाही म्हणत मी, पण आपणहून आलाच, तर अडवू नकोस. सीझन आहे."

"दात पडायचा सीझन असतो?"

"थंडीत माणसं घसरून पडतात."

बारकी आपल्या टेबलाशी जाऊन बसली. समोर बिनदातांचा एक जबडा उघडा होता. घ्या म्हणणाऱ्यांना दार हवंय, घेऊ नको म्हणणाऱ्याला तो आठवडा हवाय, आणि आईला शेजाऱ्यांसमोर नुसती शंका हवीये. मला काय हवंय ते या गर्दीत कुणी विचारलंच नाही, असं मनात म्हणताना तिच्या लक्षात आलं की मुळात ते तिनंही विचारलेलं नाही. याचा तिला सगळ्यांत जास्त राग आला, कारण हा राग काढायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

आणि मग तिला रस्ता आठवला. त्याच आठवड्यातली एक दुपार. दादाची स्कूटर, घराकडे येणारा सरळ मोठा रस्ता, आणि तिनं डोळे मिटून घेतलेले. रस्ता पाठ आहे म्हणून. काही झालं नाही. हसत हसत घरी आली होती. तेव्हा ती गंमत होती. आता हातात मेण कोरायची सुरी धरून आठवताना ती गंमत उरली नाही. त्या रस्त्यावर शाळा होती.

तिनं सुरी खाली ठेवली आणि मालकाला न विचारता बाहेर पडली.

दवाखान्यातली मुलगी "अपॉइंटमेंट आहे का" असं विचारेपर्यंत बारकी आतल्या खोलीत उभी होती.

"मला राग आलाय," ती डॉक्टरांना म्हणाली.

"कुणाचा?"

"आधी तुमचा. बाकीचे रांगेत आहेत."

"मग बसा. रांग मोठी दिसतेय."

तिनं मतदानाचं सांगितलं. हितसंबंधांचं सांगितलं. नजरेचं सांगितलं. "मला राग आला की तो आजार, आणि गोळीनंतर नाही आला की मी बरी. म्हणजे तुम्ही हरता कधी?"

"रोज," डॉक्टर म्हणाले. "पण नुसत्या रागावरून मी काही म्हणणार नाही. माझ्या डोक्यावर कुणी असं मतदान घेतलं असतं तर मी टेबल उलटं केलं असतं."

"मग खाली कधी गेली होती का, हे तुम्ही बाबांना का विचारलंत? खाली मी गेले होते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खुर्ची तिच्याकडे वळवली. मागच्या वेळी ती बाबांकडे होती. "चुकलं माझं. आता तुम्हाला विचारतो."

चूक कबूल करणारा माणूस भांडणाच्या दृष्टीनं अगदी निरुपयोगी असतो. बारकीचा राग पाय ठेवायला जागा शोधत राहिला, आणि ती न मिळाल्यामुळे तिनं खरं सांगून टाकलं.

मागच्या वर्षी दोन-अडीच महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. आपल्याला कावीळ झाल्याचं मालकाला कळवलं होतं. अंघोळ म्हणजे डोंगर. दुसऱ्यांचे दात बसवणारी बाई स्वतःचे घासत नव्हती. जीव द्यावा असं नव्हतं वाटत, पण सकाळी जाग आली की, अरे, आली का जाग, असं वाईट वाटायचं. मग तिनं रस्त्याचंही सांगितलं. बोलता बोलता तिला स्वच्छ दिसत होतं की प्रत्येक वाक्यासरशी आपण आपल्याच विरोधात हात वर करतोय.

"आता शंका कमी झाली का?" तिनं विचारलं.

"वाढली."

"वाटलंच."

"पण आता ती माझ्या कामाची आहे. मघाशी नुसतीच होती. तुम्ही काम काय करता?"

तिनं सांगितलं. केसाएवढ्या अंतराचंही सांगितलं. डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात पुढे करायला लावले आणि बोटं बघितली. "मग आधीची गोळी नको. दुसरी आहे. तिनं कंप येणारच नाही असं मी म्हणत नाही, कमी येतो. लहान डोसनं सुरू करू, मध्येमध्ये रक्त तपासू. हात हलायला लागला तर या, बदलू. फक्त आपल्या मनानं एकदम बंद करू नका."

"आणि तो आठवडा? तसा परत येईल?"

इथे डॉक्टरांना खोटं बोलता आलं असतं. "तसाच्या तसा येऊ नये, म्हणूनच गोळी आहे."

"तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला आठवडा होता."

"बरेच जण असं सांगतात."

"बरेच जण म्हणू नका. तो माझा होता."

"तुमचा होता," डॉक्टर म्हणाले. "मला विचाराल तर मी घ्या म्हणेन. पण गिळायची तुम्हाला आहे."

बाहेर येऊन ती फुटपाथवरून चालायला लागली. गोळी घ्यायला हवी हे तिला कळलं होतं, आणि खरा संताप त्याचाच होता. विचार करून घेतलेली गोळी आणि ठरावामुळे घेतलेली गोळी दिसायला सारखीच. घरी चौघांना दिसणार काय, तर बाजूनं तीन, विरोधात एक, मंजूर, आणि बारकी मुकाट्यानं गिळतेय. निव्वळ त्यांची जिरवायची म्हणून गोळी न घेण्याचा विचार तिनं कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत मनापासून केला. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा हा प्रकार. त्यात अपशकुन होईलच याची खात्री नसते, नाक मात्र नक्की जातं. सिग्नल सुटला. समोर औषधांचं दुकान होतं.

दुकानदारानं चिठ्ठी वाचून आवाज मोठा केला, दुकानदार तो गुप्त गोष्टींसाठीच मोठा करतात. "हे कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

रांगेतल्या मागच्या माणसानं उगाच एक पाऊल मागे घेतलं.

"घरी कुणी आहे ना सोबत?"

"चार जण आहेत. त्यांच्यासाठी काही मिळतं का?"

दुकानदारानं खरोखर मागच्या कपाटाकडे नजर टाकली आणि नाही म्हणाला.

संध्याकाळी चौघं टेबलाशी चहाला बसले होते. बारकीनं गोळ्यांची पाकिटं मधोमध ठेवली.

"झाकून ठेव ते, कुणी येईल," आई म्हणाली.

"झाकायचं काय त्यात," वहिनी म्हणाली.

बाबांच्या चेहऱ्यावर सामना वेळेत संपल्याचं समाधान होतं. "म्हणजे ठरावाप्रमाणे सुरू करतेयस."

"ठरावाप्रमाणे नाही. मी घेणार आहे, कारण मी ठरवलंय. रविवारी तुम्ही बाथरूमचं दार ठरवलंत." तिचा आवाज चढला. आईची मान दादाकडे वळायला लागली. "थांब, आई. ती नजर तिथेच ठेव. बशीत ठेव हवी तर."

आईची मान अर्ध्यात अडकली.

"मागच्या वर्षी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. महिनोन्‌महिने. तेव्हा मतदान झालं नाही. विषयसुद्धा निघाला नाही. का, तर सगळी दारं जागेवर होती. मी रात्रभर जागत नव्हते, काही काढत नव्हते, कुणाच्या अंघोळीच्या आड येत नव्हते. ती मी तुम्हाला चालत होते. आळशी, एवढंच."

"आम्हाला वाटलं..." बाबा म्हणाले.

"काही वाटलं नाही तुम्हाला. तेच सांगतेय. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, खाली कधीच नाही. पंच ना तुम्ही? मग बघितल्याशिवाय निर्णय दिलात कसा?"

दादा कपात बघत होता. आई स्वच्छ टेबल पुसायला लागली, आणि पुसता पुसता एकाच जागी पुसत राहिली. वहिनी काही बोलणार होती, पण आईचं तोंड बघून आयुष्यात पहिल्यांदाच तिला उलट काय करायचं ते सुचलं नाही.

"आता मी विषय मांडते," बारकी म्हणाली. "भांडण चालू असताना मला कुणी गोळीचं विचारायचं नाही. नजर फिरवायची नाही. डॉक्टरांशी, मालकाशी, कुणाशीही माझ्याबद्दल बोलायचं तर मला विचारून. मी झोपत नाहीये असं दिसलं, किंवा उठत नाहीये असं दिसलं, तर मात्र सांगायचं. सकाळी, चहाला, तोंडावर. विषय तुम्हा चौघांच्या वागण्याचा आहे, म्हणजे तुम्हाला मत नाही." तिनं हात वर केला. "बाजूनं एक, विरोधात शून्य. मंजूर."

"असं कसं," दादा म्हणाला. त्यानं आधाराला बाबांकडे पाहिलं. बाबांनी त्या वर केलेल्या हाताकडे बघितलं. नियम त्यांचा होता.

"बसतंय नियमात," ते शेवटी म्हणाले, डाळीतला खडा दाताखाली आल्यासारखे.

गोळी तिनं त्यांच्यासमोर घेतली नाही. स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, पाठ फिरवली आणि घेतली. त्यानंतर काहीही झालं नाही. कुठे घंटा वाजली नाही. ती तितकीच चिडलेली होती.

पुढचे काही आठवडे तोंड कोरडं पडायचं आणि दुपारी पेंग यायची. एकदा डोस बदलून झाला. हात कधी कधी किंचित थरथरायचा. चहाच्या कपाला कळायचं, मेणाला अजून कळलं नव्हतं. आत एक प्रकारची सपाट शांतता असायची, आणि ती आपली की गोळीची हे तिला ठरवता यायचं नाही. कामावर मालक रोज सकाळी तिच्याकडे, दूध नासलंय का बघावं तसा, बघायचा. आतलं सगळं बरं चाललंय की नुसतंच चाललंय, हेही तिला सांगता आलं नसतं. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. तिनं त्यांना सांगितलं की हे वाक्य तिला आवडत नाही. ते म्हणाले, त्यांनाही नाही.

मग एका सुटीच्या दिवशी तिनं चमच्यांच्या खणातून आपली कामावरून घरी आणलेली मेणाची सुरी काढली, आणि सुरीच्या टोकाला हिरवा रंग होता.

"दादा. हे काय आहे?"

"कुठे काय?"

"माझी सुरी आहे ही. हिला रंग लागलाय."

"रंगाचा डबा उघडत नव्हता."

"मी हिनं लोकांच्या हिरड्या करते, दादा. आणि तू डबे उघडतोस? टोक वाकवलंस. हे टोक मी दोन वर्षं घासून घासून आणलंय, गाढवा."

आवाज इतका चढला की शेजारचा टीव्ही बारीक झाला. वहिनी म्हणाली, "अगं, तू गो..." आणि तिनं तोंड मिटलं. आईची मान सवयीनं दादाकडे वळली. नजर निघाली होती. दादानं फक्त ती घ्यायची होती आणि पुढे द्यायची होती.

दादा लाल झाला होता. त्यानं आईकडे बघितलंच नाही.

"मग चमच्यांत कशाला ठेवतेस?" तो बारकीवर खेकसला. "हत्यारं काय स्वयंपाकघरात ठेवायची असतात? अक्कल साच्यात ओतून ठेवलीस का?"

"चमच्यांत वहिनीनं ठेवली."

"मला मध्ये घेऊ नकोस," वहिनी म्हणाली.

"तुझं पहिल्यापासून असंच आहे," दादा म्हणाला. "आपलं सांभाळायचं नाही आणि दुसऱ्यानं हात लावला की बोंब. माझ्या सायकलचं काय केलंस तू?"

"सायकल तू विकलीस."

"मी?"

"तू. आणि नाव माझं सांगितलंस."

सोफ्यावरून बाबांनी बोलायची परवानगी मागितल्यासारखा हात वर केला. दोघं एकदम म्हणाले, "तुम्ही मध्ये पडू नका, बाबा."

"मूर्ख आहेस," दादा बारकीला म्हणाला.

"तू आहेस."

"तू जास्त आहेस."

बारकीनं खुर्ची ओढली आणि नीट भांडायला बसली.